रात्रीची लाईट आता तात्या बघतील

ती. आई आणि नाना, साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. मळा यंदापासून तात्यांना बटाईने दिलाय. दादाचं-माझं बोलणं झालं, तात्यांनीही होकार दिला. नाना, रागावू नका. मळा विकलेला नाही, बांधही तसूभर हलणार नाही. फक्त रात्री पंपाला लाईट आली की बॅटरी घेऊन तुम्ही जायचं नाही.

त्या रात्री दोनला केळीला पाणी देऊन आलात, आईकडे तांब्या मागितलात. पाचला उठलात तर डावा हात लुळा. अंगाखाली दबला असेल म्हणून आईने तेल चोळलं. आई, मीही तेच केलं असतं. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि पक्षाघाताचा झटका झोपेत आला तर माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून वेळ धरतात. म्हणजे दोनपासून. तेल चोळलं नसतं तरी साडेसहाच्या आत जळगाव गाठून तपासण्या होणं कठीणच होतं. तू ते मनातून काढ.

डॉक्टरांना खोदून विचारलं. पक्षाघात सकाळी सहा ते बाराच्या दरम्यान जास्त होतो. जाग येताना रक्तदाब चढतो, रक्तही लवकर गोठतं. हे सगळं मेंदूतल्या घड्याळावर चालतं. वयाने ते मंदावतं, डोळ्यातलं भिंग पिवळं पडून ते घड्याळ लावणारा उजेडही आत कमी पोचतो. जागरणानेच झालं असं मी म्हणत नाही नाना, पण आता झोपेची भरपाई हवीच. पहिले तीन महिने हात सर्वात जास्त सुधारतो.

पहाटे मळ्यात नेऊन केळीच्या पानावरचं दव माझ्या डोळ्यांना लावायचात. तो गारवा अजून आठवतो.

आता ऐका. खाट पूर्वेच्या ओट्यावर हलवा, जाड गादी दादा आणतोय. ऊन तापायच्या आत, सात ते आठ तिथेच बसायचं, मुठीत लिंबू धरून. दुपारी अर्धाच तास झोप. उठल्यावर दोन मिनिटं खाटेवरच बसून मग उभं राहायचं. गोळी ठरल्या वेळेला, बरं वाटलं म्हणून बंद नाही. आई, कळण्याची भाकरी रोज दे, पण ठेच्यात मीठ कमी. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली, तर तेल नाही, लगेच १०८.

अखाजीच्या सणाला येतेय. निंबाला झोका बांधताना दोर डाव्या हाताने धरा नाना, गाठ मी मारेन.

तुमची,
बेबी