खेळणी परत मागवली, पण आठवडी बाजारातून ती परत कोण आणणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घशात अडकतील असे भाग सुटतात म्हणून एखाद्या कंपनीने तान्ह्या मुलांची खेळणी बाजारातून परत मागवली, अशी बातमी वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. बहुतेक वेळा ती चार ओळींची असते. फोटो नाही, मॉडेल क्रमांक नाही, बॅच नाही. अमेरिकेतल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या सूचनेत कोणता भाग निघाला, किती नग विकले, कोणत्या महिन्यांत आणि काय किमतीला विकले, गिऱ्हाइकाने आता काय करायचं, हे सगळं दिलेलं असतं. परत मागवण्याचं सगळं काम या तपशिलावरच चालतं. बॅच कळली तरच दुकानदार माल बाजूला काढतो.

विदर्भातल्या खेड्यात खेळणं येतं ते आठवडी बाजारातल्या ताडपत्रीवरून, बहिरमच्या नाहीतर चिमूरच्या यात्रेतून, किंवा मोटारसायकलला झुंबरासारखी खेळणी टांगून गल्लीत फिरणाऱ्याकडून. बिल नाही, खोकं नाही, कित्येकदा बनवणाऱ्याचं नावही नाही. अशा मालाला परत मागवण्याची नोटीस लागूच पडत नाही. ते काम गावालाच करावं लागेल, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही.

कायदा आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. साध्या खेळण्यांना आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४ हे मानक लागतं. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असायला हवा. नुसतं चिन्ह कोणीही छापतं, म्हणून तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बघावा. परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूसाठी, चालू आहे की संपला, ते लगेच दिसतं. परवाना भलत्याच वस्तूचा निघाला तर चिन्ह खोटं समजावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २० नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक माल परत मागवण्याचा आणि गिऱ्हाइकाला पैसे परत देण्याचा आदेश काढू शकतं. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे, आणि मानक ब्युरोचं शाखा कार्यालय नागपूरलाच आहे. तरीही ताडपत्रीवरच्या वीस रुपयांच्या खुळखुळ्यापर्यंत यातलं काही लवकर पोचेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

म्हणून माप घ्यावं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यासाठी प्रयोगशाळेत एक नळी वापरतात. तिचा आतला व्यास ३१.७ मिलिमीटर. खेळणं किंवा त्यातून सुटलेला भाग न दाबता, कोणत्याही बाजूने या नळीत पूर्ण मावला, तर खेळणं नापास. ही नळी घरी करता येते. जाड कागदाची ११ सेंटिमीटर लांब आणि ५.७ सेंटिमीटर रुंद पट्टी कापायची, १० सेंटिमीटरवर रेघ मारायची, उरलेला एक सेंटिमीटर आत घेऊन चिकटवायची. घेर १० सेंटिमीटर झाला की व्यास जवळपास तेवढाच येतो. खऱ्या नळीचा तळ तिरपा असतो, एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर खोल. घरची सरळ नळी त्याहून थोडी कडक ठरते, ते बरंच आहे.

चेंडूचं माप वेगळं. गोल वस्तू श्वासाची वाट चारी बाजूंनी बंद करते, हवेला फटही राहत नाही. म्हणून तिथे मर्यादा ४४.५ मिलिमीटर आहे. १४ सेंटिमीटर घेराचं कागदी कडं करा. त्यातून जो चेंडू आरपार जातो, तो तीन वर्षांखालच्या लेकराच्या हाती नको. कंचे तर सोडाच, बाजारात पाच-दहा रुपयांना मिळणारे उसळणारे रबरी चेंडूही यात बाद होतात.

खेळणं अख्खं असताना माप घेऊन भागत नाही, कारण ते आधी तुटतं आणि मग तोंडात जातं. दीड वर्षाखालच्या मुलांचं खेळणं प्रयोगशाळेत सुमारे १३८ सेंटिमीटरवरून कडक फरशीवर दहा वेळा पाडतात, आणि डोळे, नाक, बटण, चाक असे भाग सुमारे ७० न्यूटन, म्हणजे साधारण सात किलोच्या जोराने ओढून बघतात. घरी छातीच्या उंचीवरून शहाबादी फरशीवर पाडा, प्रत्येक भाग चिमटीत धरून पिळा आणि ओढा. जे निघेल ते नळीत टाका. मुलाच्या हाती द्यायच्या आधी हे करायचं. खेळणं मोडलं तर वीस रुपये गेले.

काय निघतं, तेही ठरलेलं असतं. दाबल्यावर वाजणाऱ्या रबरी बदकाच्या पोटाखाली प्लास्टिकची शिट्टी नुसती खुपसलेली असते. उन्हाने रबर सैल पडलं की दोन-चार दाबांत ती बाहेर येते. शिट्टी श्वासनळीत गेली तर श्वासागणिक वाजते, आणि घरच्यांना वाटतं लेकराची छाती भरली. खुळखुळ्याचे दोन अर्धगोल कडेने नीट जोडलेले नसतात. एकदा आपटला की उघडतो आणि आतले मणी सांडतात. दिव्याच्या खेळण्यात बटण सेलचं झाकण नखाने उघडतं. त्याला स्क्रू हवाच. हा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं, त्यामुळे ‘उद्या संडासातून निघेल’ म्हणून थांबायचं नाही. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशाला चिकटून बसतो; फुग्याबाबतचा इशारा आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतो, तो उगाच नाही.

तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी वेगळा सांगायला हवा. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे, आणि ती असावीच. पण गळ्यातले घुंगरू, चिकटवलेले काचमणी, टाचणीने बसवलेले डोळे आणि शिंगांच्या शेंब्या नळीत सहज मावतात. नंदी ओढतो मोठा भाऊ, मिरवणूक संपल्यावर तो घरात पडून राहतो आणि रांगतं बाळ त्याच्यापाशी पोचतं. सुतारांना एवढंच सांगणं : डोळे रंगवून काढा, चाकाचा खिळा आरपार घेऊन वळवा. घुंगरांची माळ वेगळी द्या, म्हणजे पोळा झाला की ती काढून ठेवता येईल.

तपासणीसाठी नवी योजना नको. आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतातच, आणि दिसेल ते तोंडात घालण्याचं वय नेमकं तेच. त्यांच्या पिशवीत ही नळी आणि कडं असावं. अंगणवाडीतली खेळणी ३ ते ६ वर्षांच्या मुलांची असली, तरी धाकटी भावंडं सोबत येतात. तिथली पेटी महिन्यातून एकदा, लसीकरणाच्या दिवशी, मापून घ्यावी. नापास खेळणं अंगणवाडीला दान करू नये, उकिरड्यावर अख्खं टाकू नये. तोडून, सेल वेगळा काढून टाकावं.

तरीही अडकलंच तर? लेकरू जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर एकाने १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने लगेच सुरुवात करायची. वर्षाखालच्या बाळाला डोकं खाली करून पालथं हातावर घ्या, दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. वस्तू निघेपर्यंत हेच आलटून पालटून. वर्षावरच्या मुलाला पाच थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच दाब, आत आणि वरच्या दिशेने. बेशुद्ध झालं तर सपाट जागी निजवून छातीचे दाब आणि तोंडाने श्वास सुरू करा. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट फिरवायचं नाही, ती आणखी आत जाते. खेळताना अचानक ठसका लागला, मग शांत झालं, आणि पुढे एकाच बाजूची छाती घरघरत राहिली, तर डॉक्टरांना खेळण्याची गोष्ट आठवणीने सांगा. प्लास्टिक एक्स-रेत सहसा दिसत नाही. दुर्बिणीने तपासणी होते अशा मोठ्या रुग्णालयात जावं लागतं.

आपल्याला विनंती दोन. परत मागवलेल्या खेळण्याची बातमी छापताना फोटो, मॉडेल आणि बॅच क्रमांक द्यावा. आणि तान्ह्या पोळ्याच्या आधीच्या अंकात नळीची आणि कड्याची पट्टी खऱ्या मापात छापावी, शेजारी १० सेंटिमीटरची मोजपट्टीही द्यावी. ई-पेपर मोबाईलवर बघताना किंवा झेरॉक्स काढताना माप लहान-मोठं होतं. वाचकाने कापण्याआधी ती मोजपट्टी शाळेच्या पट्टीशी ताडून घ्यावी, अशी ओळही खाली असू द्यावी.

आपला,
एक वाचक,
ता. चांदूर बाजार, जि. अमरावती