तलावांचा गाळ काढण्याआधी नमुना घ्यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की खानदेशातील तलावांत पोकलेन उतरतात आणि गाळ ट्रॅक्टरने शेतांवर जातो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये सुरू झाली. मुरमाड जमिनीच्या शेतकऱ्याला तिचा लाभ होतो आणि मी तिच्या बाजूचाच आहे. मात्र जुन्या तलावांचा गाळ उपसताना त्यात जपलेली पावसाची नोंदही आपण विस्कटून टाकतो, हे येथे मांडायचे आहे.

ही नोंद ठेवणारा जीव म्हणजे ऑस्ट्राकॉड. खेकडे आणि झिंगे ज्या गटातले, त्याच गटातला हा प्राणी बहुधा खसखशीच्या दाण्याएवढाच असतो, आणि त्याचे अंग कॅल्शियम कार्बोनेटच्या दोन शिंपल्यांत मिटलेले असते. गोड्या पाण्यातील ऑस्ट्राकॉड वाढताना आठ वेळा कवच टाकतो. दर वेळी नवे कवच तो जुन्यातून नव्हे, तर त्या घडीच्या पाण्यातून कॅल्शियम घेऊन घडवतो, त्यामुळे प्रत्येक कवचात त्या काळच्या पाण्याची खूण राहते. बाष्पीभवनात हलक्या ऑक्सिजनचे पाणी आधी उडून जाते आणि जड ऑक्सिजनचे प्रमाण तलावात वाढते. म्हणून अनेक वर्षे कोरडी गेली, तर त्या थरातील कवचांत जड ऑक्सिजन अधिक सापडतो. शिवाय पाणी खारट होऊ लागले की गोड्या पाण्याच्या जाती मागे पडून खारटपणा सोसणाऱ्या जाती वाढतात, हा दुसरा पुरावा. मेक्सिकोतील पुंता लागुना सरोवराच्या गाळातील अशाच कवचांवरून सुमारे ३,५०० वर्षांतील अवर्षणांचा माग काढण्यात आला असून, त्यांपैकी काही माया संस्कृतीच्या पडझडीच्या काळातील आहेत.

आपल्या जवळचे उदाहरण लोणारचे. तेथील गाळाच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऑस्ट्राकॉडवरून नव्हे तर मुख्यतः क्षारांच्या स्फटिकांवरून आणि गाळाच्या रसायनावरून, अवर्षणाचे दोन प्रदीर्घ कालखंड दिसले: ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे. तापीकाठच्या प्राचीन शेतकऱ्यांची सावळदा संस्कृती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. त्या शेतकऱ्यांच्या वाट्याला किती पाऊस येत होता, हे लोणारवरून केवळ अंदाजाने सांगता येईल. तापी खोऱ्याचे उत्तर तापी खोऱ्याच्या गाळातच शोधावे लागेल. हवामान खात्याची स्थापना १८७५ची, म्हणजे मोजलेला पाऊस जेमतेम दीडशे वर्षांचा, आणि बहात्तरच्या दुष्काळासारखी वर्षे या प्रदेशात किती अंतराने येतात हे ठरवायला तेवढा काळ फारच अपुरा आहे.

प्रत्येक तलावात हे साधेल असे नाही. आम्लधर्मी चिखलात कवचे विरघळतात, दर उन्हाळ्यात तळ भेगाळणाऱ्या तलावात थर सरमिसळ होतात, आणि गिरणा धरणासारख्या १९६९च्या जलाशयाचा गाळ काही दशकांपुरताच बोलू शकतो; तो खुशाल काढावा. पण तोरणमाळच्या यशवंत तलावासारखी नैसर्गिक, बारमाही पाण्याची ठिकाणे वेगळी आहेत. तेथे पोकलेन फिरल्यावर वरचा थर कोणता आणि खालचा कोणता, हे कोणत्याही प्रयोगशाळेला सांगता येणार नाही.

म्हणून विनंती अशी की, जुन्या तलावांतील कामाला मंजुरी देण्याआधी जिल्हा प्रशासनाने जळगावच्या विद्यापीठाला कळवावे आणि तळात उभी नळी रोवून अखंड गाळस्तंभ काढू द्यावा. थरांचे वय कार्बनवरून ठरवण्यासाठी त्यातील पाने व बिया वेगळ्या जपाव्यात, कारण कवचांतील कार्बनमध्ये खडकातील जुना कार्बन मिसळलेला असू शकतो. येत्या उन्हाळ्याच्या कामांच्या आराखड्यातच ही अट घातली जावी.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव