आधी हवा, मग मिक्श्चर

संपादक साहेब,
रविवारच्या पुरवणीतला जुन्या गाड्यांवरचा लेख वाचला, फोटो झकास, पण दोन कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारे भाग) म्हणजे कायमची कटकट हे काही पटलं नाही. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कारच घ्या ना, 1962 पासून इंग्लंडात ॲबिंग्डनला बनायची, 1798 सीसीचं इंजिन आणि एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर. कटकट होते ती उलट्या क्रमाने काम केल्यामुळे. बरेच मेकॅनिक आधी मिक्श्चरचा, म्हणजे पेट्रोल-हवेच्या प्रमाणाचा, नटच पिळत बसतात, अहो पण टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) नीट नसेल तर कार्ब्युरेटरला हात लावून उपयोग काय!

इंजिन चांगलं गरम करा, एअर फिल्टर काढा, दोन्ही थ्रॉटल (कार्ब्युरेटरमधल्या हवेच्या झडपा) जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प ढिले करा (हे लोक हमखास विसरतात आणि मग एक स्क्रू फिरवला की दुसरंही थ्रॉटल हलतं), मग रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून फुसफुस सारखी ऐकू येईपर्यंत आयडलचे (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं त्या वेगाचे) स्क्रू थोडे थोडे फिरवा. हवेचं मीटर असेल तर उत्तमच.

आता मिक्श्चर. कार्ब्युरेटरमधला पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलायचा, आरपीएम (इंजिनचा वेग) वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बसायला लागलं तर कमी, किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर. मिक्श्चर बदललं की हवा परत तपासायची, आणि क्लॅम्प आवळल्यावर दोन्ही थ्रॉटल एकाच वेळी उघडतात ना ते बघायचं.

पुढच्या वेळी क्रोमचे फोटो थोडे कमी करून याची एखादी आकृती छापा की.

– एक वाचक, नाशिक