आधी जुना कर जाऊ दे

हार्टफर्ड, कनेक्टिकट
१८ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

१५ तारखेला टॅक्स रिटर्न भरून मोकळा झालो. दोन रविवार जेवणाच्या टेबलावर नुसते कागद होते. तुम्ही फोनवर विचारलंत, "तिकडे इन्कम टॅक्सच काढून टाकणार म्हणे, खरं का?" घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

'फेअरटॅक्स' नावाचं एक विधेयक १९९९ सालापासून इथल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, पुन्हा पुन्हा मांडलं जातं. पगारावरचा कर, वारसाकर सगळं रद्द, कर वसूल करणारं आयआरएस खातं बंद, आणि त्याऐवजी देशभर एकच विक्रीकर. गरिबांवर बोजा नको म्हणून प्रत्येक कुटुंबाला दर महिन्याला काही रक्कम आगाऊ मिळायची. कमाईला हात लावू नका, खर्चावर घ्या, हा विचार मला मनापासून पटतो. पण दर सांगतात २३ टक्के, आणि तिथेच मला पहिली शंका येते. १०० डॉलरच्या वस्तूवर ३० डॉलर कर लागून बिल होणार १३०. त्या १३० मधले ३० म्हणजे २३ टक्के! दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या हिशेबाने तो शेकडा ३०च झाला ना? योजना चांगली असेल तर सरळ ३० म्हणून सांगा.

आमच्या शेजारच्या आजी तर या विषयावर एक शब्द ऐकून घेत नाहीत. १९९१पर्यंत या राज्यात पगारावर राज्याचा कर नव्हता. विक्रीकर होता ८ टक्के. त्या वर्षी सरकारने तो ६ वर आणला आणि बदल्यात साडेचार टक्क्यांचा इन्कम टॅक्स आणला. ऑक्टोबरमध्ये इथे विधानभवनासमोर हजारो लोक जमले होते, त्यांत आजीही होत्या. काही उपयोग झाला नाही. परवा त्यांनी किराणा दुकानाची पावती माझ्यासमोर धरली. साबणाच्या खाली कराची ओळ होती, ६.३५ टक्के. इन्कम टॅक्सचा वरचा दर आता ६.९९ आहे. म्हणजे दोन्ही राहिले आणि १९९१ नंतर दोन्ही वाढले. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं पगारावर कर भरून उरलं ते साठवलं. आता तेच खर्च करताना परत तीस टक्के देऊ?" बाबा, मला उत्तर देता आलं नाही.

लोकांचा विश्वास उडालाय तो उगाच नाही. १९१३ साली सोळाव्या घटनादुरुस्तीने केंद्राला प्राप्तिकराचा अधिकार मिळाला, तेव्हा सुरुवात १ टक्क्याने होती, आणि अगदी बड्या श्रीमंतांनाही वरचा दर ७ टक्के. पाच वर्षांत, पहिल्या महायुद्धाच्या काळात, तोच ७७ वर गेला. राष्ट्राध्यक्ष थोरले बुश १९८८ मध्ये नवे कर लावणार नाही असं ठासून सांगून निवडून आले आणि १९९० मध्ये त्यांनीच करवाढीवर सही केली.

खरी मेख त्या घटनादुरुस्तीत आहे. कायदा करून इन्कम टॅक्स उद्या रद्द होईल, पण घटनेतला अधिकार शाबूत असेल तर पुढची काँग्रेस तो परत आणू शकते, आणि तोवर विक्रीकर अंगवळणी पडलेला असेल. विधेयकात यावर उपाय आहे: सात वर्षांत घटनादुरुस्ती रद्द झाली नाही तर विक्रीकरच संपेल. पण ते कलमही साध्या बहुमताने बदलता येतं. उलट दुरुस्ती रद्द करायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ३८ राज्यांची मंजुरी लागते. अवघड आहे, मान्य. तरी माझं म्हणणं, ते अवघड काम आधी करा आणि मग लोकांकडे नवा कर मागा.

मला इथे मताचा अधिकार नाही, पण कर मात्र नियमाने भरतो. म्हणून आमच्या भागाच्या खासदारांना हेच सगळं एका पानात लिहून पाठवलं. आजींनी खाली त्यांची सही केली. उत्तर आलं की कळवीन.

आईला नमस्कार. तुमच्या रक्तदाबाची गोळी चुकवू नका.

तुमचा,
संजय