‘लक्ष दे’ म्हटल्याने लक्ष लागत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मुलांचे वर्गात लक्ष नसते, ही तक्रार आपल्या वाचकपत्रांतून वारंवार वाचायला मिळते आणि तिचे खापर बहुधा मोबाइलवर, घरच्या वळणावर किंवा मुलाच्या स्वभावावर फोडले जाते. या तिन्ही गोष्टी खऱ्या धरल्या तरी शिक्षकाच्या हाती त्यातून काहीच लागत नाही, कारण घंटा झाल्यावर मुलाचे घर बदलणे त्याला शक्य नसते आणि स्वभाव बदलणेही नसते. त्याच्या ताब्यात असतो तो फक्त चालू तास. म्हणून एखाद्या मुलाचे लक्ष नव्हते असे म्हणण्यापूर्वी, त्या तासात त्याला नेमके काय करायला दिले होते, हे विचारले जावे, असे एक शिक्षिका या नात्याने मला वाटते. बहुतेक वेळा त्याचे प्रामाणिक उत्तर ‘ऐकायला’ एवढेच असते.

नुसते ऐकत राहणे हे मोठ्यांनाही जड जाणारे काम आहे. निश्चयाने ताणून धरलेले लक्ष एका वेळी काही सेकंदांपलीकडे टिकत नाही, ते सुटते आणि पुन्हा आणावे लागते, हे विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने 1890 मध्येच लिहून ठेवले आहे. (मुलांचे लक्ष बरोबर दहा-पंधरा मिनिटे टिकते, हे प्रशिक्षणवर्गांत छातीठोकपणे सांगितले जाणारे विधान मात्र तपासून पाहिले असता फारशा पुराव्यावर उभे नाही.) सुटलेले लक्ष परत येण्यासाठी काहीतरी निमित्त लागते, आणि वर्गातले सर्वांत हुकमी निमित्त म्हणजे प्रश्न. तो आपण कसा विचारतो, इकडे मात्र आपले फारसे लक्ष नसते.

नेहमीची रीत अशी, की आधी नाव घ्यायचे आणि मग प्रश्न विचारायचा. नाव उच्चारले जाताच उरलेला वर्ग सुटकेचा निःश्वास सोडतो. दुसरी रीत म्हणजे प्रश्न साऱ्या वर्गाला विचारायचा आणि वर आलेल्या त्याच चार हातांपैकी एकाकडून उत्तर घ्यायचे. कोणाचाच हात वर आला नाही, तर क्षणभराची शांतता शिक्षकालाच सोसवत नाही. हात खडूकडे जातो, तोंड फळ्याकडे वळते आणि उत्तर लिहून मोकळे होण्यात येते. मागच्या बाकावरच्या मुलाला हा क्रम पाठ असतो. थोडा वेळ कळ काढली की उत्तर फळ्यावर आयतेच येते, मग त्याने विचार का करावा? हा आळस नसून साधा व्यवहार आहे, आणि तो आपणच त्याला शिकवलेला असतो.

अमेरिकेतील शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचा अभ्यास करून 1970 च्या दशकात दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. हीच वाट तीन सेकंद किंवा थोडी अधिक पाहिली, तर उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ म्हणणारे कमी होतात आणि ज्यांना ‘कच्चे’ समजले जाते ती मुलेही बोलू लागतात. यासाठी पैसा लागत नाही की यंत्र. प्रश्न विचारावा, गप्प राहावे, प्रत्येकाने वहीच्या कोपऱ्यात एका ओळीत उत्तर लिहावे, तेवढ्या वेळात शिक्षकाने बाकांमधून एक फेरी मारावी आणि त्यानंतरच नाव घ्यावे. कोणाचे काय अडले आहे, हे त्या एका फेरीत कळते, आणि मन भरकटलेल्या मुलालाही चारचौघांत अपमान न होता धड्यात परतण्याची संधी मिळते.

अपमानाचा उल्लेख मुद्दाम केला. ‘मी आत्ता काय म्हणाले, सांग बघू!’ हा प्रश्न उत्तरासाठी नसतोच. त्या मुलाला पकडण्यासाठी असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी 1970 साली प्रसिद्ध केलेल्या वर्गनिरीक्षणांत असे आढळले, की शिक्षक कोणत्या पद्धतीने रागावतो यावर वर्गाचे वागणे फारसे अवलंबून नसते. साऱ्या वर्गावर नजर असणे, चुळबुळ पसरण्याआधीच ओळखणे आणि धड्याची गती तुटू न देणे, यांनी खरा फरक पडतो. एका मुलाला बोल लावण्यासाठी तीन मिनिटे धडा थांबवला, की बाकी सगळ्यांचा धागा तुटतो, आणि तो पुन्हा जुळवायला आणखी वेळ जातो.

लक्ष वेधण्याचा अलीकडचा उपाय म्हणजे रंगीबेरंगी भिंती आणि दर तासाला चित्रफीत. लहान मुलांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भरगच्च सजवलेल्या वर्गातली मुले अधिक विचलित झाली आणि कमी शिकली. तरीही सजावटीवरून शाळेचा दर्जा ठरवणारे पालक पुष्कळ आहेत, आणि शाळाही त्यांना खूश ठेवतात.

फळा नीट न दिसणारे, कमी ऐकू येणारे किंवा झोप पुरी न झालेले मूलही ‘लक्ष नसलेले’च दिसते, तेव्हा आधी तेवढे तपासून घ्यावे. अवधानाच्या विकाराचे निदान मात्र तज्ज्ञांचे काम आहे. त्यासाठी लक्षणे किमान सहा महिने, एकाहून अधिक ठिकाणी आणि वयाच्या 12 वर्षांआधीपासून दिसावी लागतात. एका विषयाच्या तासाला खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलावर शिक्षककक्षात बसून असा शिक्का मारणे अन्यायाचे आहे.

वर्ग मोठे आहेत आणि ‘पोर्शन’ संपवायचा असतो, ही सहकाऱ्यांची अडचण मला पूर्ण मान्य आहे. परंतु जो भाग अर्ध्या वर्गाने ऐकलाच नाही, तो संपला असे कोणत्या हिशेबाने म्हणायचे? तासाच्या सुरुवातीला पुस्तके मिटून कालच्या धड्यावर दोन प्रश्न लिहून घेतले, तर पाच मिनिटे जातात खरी; पण पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगितलेले आठवडाभराने अधिक लक्षात राहते, हे 2006 मधील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसले आहे. परीक्षेच्या तोंडावर होणाऱ्या उजळणीत ही पाच मिनिटे वसूल होतात.

मुख्याध्यापकांना आणि पर्यवेक्षकांना एक विनंती. तास पाहायला आल्यावर आपण बहुधा शिक्षकाकडे, फळ्याकडे आणि टाचणवहीकडे पाहता. त्याऐवजी मागच्या बाकाशेजारी खुर्ची घ्यावी, किती प्रश्न सर्वांनी सोडवले आणि किती चौघांनीच, हे मोजावे, आणि जाताना त्या बाकावरच्या दोन वह्या उघडून पाहाव्यात.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका