एकाच खडकावर आजोबांचा गळ आणि नातीचा मास्क

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

किनाऱ्यावरचं पाणी नक्की कोणत्या खात्याच्या अखत्यारीत येतं हे शोधण्यात माझे काही आठवडे गेले. उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र उघड लिहितोय. ज्यांचं असेल त्यांनी उचलावं.

आमचं कुटुंब सुट्टी मिळाली की समुद्र गाठतं. वडील गळ घेऊन, मुलं मास्क आणि स्नॉर्कल (पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायची नळी) घेऊन, आणि मी दोन्ही घेऊन. त्यामुळे मला धड मासा मिळत नाही की धड पोहणं होत नाही, पण दोन्ही बाजूंची वकिली करायला मी मोकळा आहे.

गेल्या सहलीतली गोष्ट. भरती लागली होती. वडील खडकाच्या टोकाशी बसलेले, बारा वर्षांची मुलगी त्याच खडकाच्या दुसऱ्या अंगाला पाण्यात. दोघांत पंचवीस-तीस पावलांचं अंतर. ती पाण्यात तोंड घालून मासे बघत होती. तशी बघणारी माणसं प्रवाहाबरोबर हळूहळू सरकतात आणि त्यांना ते कळतही नाही. वडिलांची काठी एकदम वाकली. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी झटका दिला आणि ओरडले, "मोठा आहे रे!"

तो मोठा मासा म्हणजे त्यांची नात होती.

गळ तिच्या उजव्या पायातल्या फिनच्या, म्हणजे पोहताना पायात घालायच्या वल्ह्यासारख्या पंखाच्या, रबरी पट्ट्यात रुतला होता, टाचेपासून बोटभर अंतरावर. गळाचा मागचा उलटा काटा इतका घट्ट बसला होता की पक्कडीनेही सुटेना, शेवटी पट्टाच कापावा लागला. मुलीला खरचटलंसुद्धा नाही. उलट "आजोबांनी मला पकडलं" हे ती सगळ्यांना हसत हसत सांगत सुटली. वडिलांनी मात्र काठी गुंडाळली आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाहीत.

आता यात चूक कुणाची? वडील रोजच्यासारखे मासे गरवत होते. मुलगी पोहत होती. दोघांपैकी कुणीही कुठलाही नियम मोडला नाही, कारण मोडायला तिथे नियमच नव्हता. "पाण्यात जाताना काळजी घ्या" असा एक गंजलेला फलक होता. बस्स.

हे आमच्याच नशिबाला आलं असं कृपया समजू नका. गळवाला आणि स्नॉर्कलवाला एकाच जागी भेटणार हे ठरलेलंच असतं. मासे रेतीच्या उघड्या तळावर फारसे थांबत नाहीत. जिथे खडकाची कड आहे, कपारी आहेत, शेवाळ आहे, तिथे ते राहतात. ज्याला मासा पकडायचा तो तिथेच बसणार आणि ज्याला बघायचा तोही तिथेच उतरणार. वेळही पुष्कळदा एकच. भरतीबरोबर बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं, म्हणून बघणाऱ्याला तीच वेळ बरी. त्याच पाण्याबरोबर मासे चरायला खडकांवर चढतात, म्हणून गळवाल्यालाही तीच वेळ बरी.

त्यात स्नॉर्कलची नळी. माझ्या मुलाने विचारलं होतं, नळी लांब केली तर तळापर्यंत का जाता येणार नाही? नाही जाता येत. मीटरभर खाली गेलं तरी छातीवर पाण्याचा दाब एवढा पडतो की वरची हवा आत ओढायला फासळ्या पुरत नाहीत. शिवाय लांब नळीत आपणच सोडलेली खराब हवा साचते आणि तीच पुन्हा आत येते. म्हणून नळी जेमतेम हातभर ठेवतात, आणि म्हणून माणूस कायम पृष्ठभागालाच चिकटलेला राहतो. बरोबर त्याच थरात, जिथे बोंडाखालचा, म्हणजे दोरीवरच्या तरंगत्या गोळ्याखालचा, गळ लोंबकळत असतो.

खडकावरच्या माणसाला तो दिसतही नाही. पाण्यावर ऊन चमकत असतं, वर येतं ते फक्त नळीचं टोक. पाण्यातल्याला तंगूस, म्हणजे गळाची बारीक पारदर्शक दोरी, दिसत नाही. ती दिसू नये म्हणूनच तर तशी बनवतात. हाका मारून उपयोग नाही, कान पाण्याखाली असतात.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला गळापेक्षा जास्त भेडसावते. स्नॉर्कल करणारा माणूस तासन् तास हालचाल न करता पालथा तरंगतो. बुडणारा माणूसही अनेकदा तसाच दिसतो. सिनेमात दाखवतात तसं हातपाय मारणं, ओरडणं क्वचितच होतं. काठावर बसलेल्या आईला मूल मजेत आहे की संकटात, हे लांबून ओळखता येत नाही. आम्ही आता जोडीशिवाय कुणालाच पाण्यात सोडत नाही आणि दर थोड्या वेळाने डोक्यावर हात ठेवून "ठीक आहे" अशी खूण करायला लावतो. ही खूण आम्हाला किनाऱ्यावर कुणी शिकवली नाही, एका जुन्या पाणबुड्याकडून योगायोगाने कळली.

प्रसंगानंतर मी रीतसर अर्ज केला. एका कार्यालयाने सांगितलं, मासेमारी आमची, पोहणं आमचं नाही. दुसऱ्याने सांगितलं, पर्यटक आमचे, पण पाणी आमचं नाही. तिसऱ्याने अर्ज ठेवून घेतला आणि जाता जाता विचारलं, "मग मोठा मासा मिळाला का?" विनोद चांगला होता, नाकारत नाही.

माझं मागणं साधं आहे. जिथे लोक दोन्हीसाठी येतात अशा किनाऱ्यांवर पाणी वाटून द्या. चार बोये (पाण्यावर तरंगत्या खुणा) आणि एक दोर, एवढ्यात आखणी होते. बोयांच्या आत गळ पडणार नाही, बोयांच्या बाहेर मास्क जाणार नाही. खडक एकच असेल तर वेळ वाटा. फलकावर दिवसाचे तास लिहा, म्हणजे कुणाची बारी केव्हा ते कळेल. आणि बोयांच्या आतला भाग मासेमारीला कायमचा बंद ठेवा.

हे शेवटचं वाक्य वाचून गळवाले माझ्यावर चिडतील. वडील तर चिडलेच. म्हणाले, "मासे सगळे तिकडे जाऊन बसतील, आम्ही इकडे माश्या मारू." त्यांना मी न्यूझीलंडमधल्या ली गावाजवळच्या किनाऱ्याची हकिकत सांगितली. 1971 साली तिथे सागरी राखीव क्षेत्रांचा कायदा झाला आणि 1975 साली जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचा समुद्र मासेमारीला पूर्ण बंद केला गेला. विरोध झालाच. तेव्हा तिथले स्नॅपर मासे आणि शेवंडी इतक्या उपसल्या गेल्या होत्या की त्यांचं भक्ष्य असलेल्या सी अर्चिनांचं फावलं होतं. त्या काटेरी गोळ्यांनी खडकांवरचं केल्पचं, म्हणजे मोठ्या समुद्री शेवाळाचं, जंगल खाऊन खडक बोडके केले होते. मासेमारी थांबली, मोठे मासे परतले, अर्चिन कमी झाले, आणि काही वर्षांनी केल्प पुन्हा उगवलं. आज तिथे लोक मास्क लावून बघायला जातात ते हेच मासे.

गळवाल्याच्या कामाची गोष्ट पुढे आहे. या राखीव पाण्याबाहेर सापडलेल्या स्नॅपरच्या पिल्लांची जनुकीय तपासणी झाली, निष्कर्ष 2017 साली छापून आले. आसपासच्या मोठ्या टापूतल्या सुमारे एकदशांश पिल्लांचे आईबाप या चिमुकल्या तुकड्यातले निघाले. मोठी मादी वजनाच्या हिशेबापेक्षा जास्त अंडी घालते. तिला म्हातारी होऊ दिलं की कुंपणाबाहेरच्या गळालाही काहीतरी लागतं. मेक्सिकोतल्या काबो पुल्मोचं उदाहरणही असंच. 1995 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, आणि 1999 ते 2009 या दहा वर्षांत माशांचं एकूण वजन पाच पटींहून जास्त झालं. पूर्वी जाळी टाकणारी तिथली घरं आज पाहुण्यांना पाण्याखाली नेतात.

वडिलांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती मोठी मादी बाहेर केव्हा येते?" म्हणजे पटलं, असं मी धरतो.

नुसते बोये टाकून भागणार नाही, सांगायलाही हवं. हवाईतल्या हानाउमा उपसागरात 1967 पासून मासेमारी बंद आहे, आणि 2002 पासून पाण्यात उतरण्याआधी पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला एक छोटी चित्रफीत बघावी लागते. प्रवाळावर उभं राहू नका, माशांना खायला घालू नका, असलं साधंच असतं त्यात. पण प्रवाळ हा दगड नाही, त्यावर जिवंत प्राणी आहेत, हे फिन घातलेल्या माणसाला आधी कुणी सांगितलं नाही तर तो दमल्यावर हमखास त्यावरच उभा राहतो. मीही राहिलोय. गुडघ्यावरची खूण अजून आहे.

आणि तंगूस. खडकात अडकली की गळवाला ती तोडतो आणि नवी बांधतो, दुसरा इलाज नसतो. तुटलेली मात्र पाण्यातच राहते, वर्षानुवर्षं. मुलीने त्याच सहलीत खडकाच्या कपारीतून एक गुंता वर आणला होता. हिरवा पडलेला, मुठीएवढा. आम्ही काठावर बसून तो उलगडला तर आतून तीन गळ, शिशाची दोन वजनं आणि एक मेलेला खेकडा निघाला. खेकड्याचा एक नांगा अजून दोऱ्यात आवळलेला होता. तुटलेल्या दोऱ्या टाकायला खडकाजवळ एक झाकणाचा डबा ठेवा आणि तो रिकामा करायला माणूस नेमा. बिनकाट्याचे गळ वापरायची सक्ती नसली तरी शिफारस करा. माशालाही सोडताना बरं पडतं, नातीलाही.

एक विनंती मात्र कळकळीची. हे पत्र वाचून कुणी उत्साही अधिकारी सरसकट बंदीचा कागद काढेल. तसं करू नका. काठी धरून बसणाऱ्या म्हाताऱ्याला जेवढा समुद्र कळतो तेवढा कागदावर उतरत नाही. पाणी कधी फिरणार, कुठली लाट उलटी ओढणार, हे मुलांना वडिलांनीच शिकवलं. आणि पाण्याखाली काय आहे हे वडिलांना, वयाच्या सत्तरीत, नातीने सांगितलं. पाण्यात मास्कमधून सगळं तिसऱ्या हिश्श्याने मोठं दिसतं, त्यामुळे तिचे मासे जरा फुगलेले असतात. आजोबांचे तर मास्क न लावताच फुगतात.

सध्या दोघांनी आपापसांत तह केलाय. ती पाण्यात असेपर्यंत आजोबा गळ टाकत नाहीत, आणि त्यांनी काठी उचलली की ती बाहेर येऊन शेजारी बसते. पक्कडीने सगळ्या गळांचे मागचे काटेही त्यांनी दाबून टाकलेत. परवा आम्ही परत तिथेच गेलो. मुलगी पाण्यात उतरली, आजोबांनी काठी बाजूला ठेवली, आणि दहाव्या मिनिटाला पलीकडच्या खडकावर एक अनोळखी गृहस्थ येऊन बसले. त्यांनी पिशवीतून आमिष काढलं. वडील उठून त्यांच्याकडे गेले, काहीतरी बोलले, हात करून पाण्याकडे दाखवलं. गृहस्थांनी मान हलवली आणि विचारलं, "असा नियम आहे का?"

त्यांना काय सांगायचं ते कळवावं.

आपला,
दोन्ही बाजूंचा एक नागरिक