पतसंस्थांतील संगणकसुरक्षेबद्दल सभासदांनी विचारावे

संपादक महोदय,

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८मध्ये झालेल्या सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी बनावट यंत्रणा उभी केल्यामुळे, नकली कार्डांवर २८ देशांतून पैसे काढले जात असताना खऱ्या यंत्रणेला त्याचा पत्ताच लागला नाही.

गेल्या आठवड्यात ठेवीची पावती घ्यायला आमच्या पतसंस्थेत गेलो, तेव्हा मॉनिटरच्या कडेला पासवर्ड लिहिलेली पिवळी चिठ्ठी चिकटवलेली दिसली आणि काउंटरवरचे तिघेही आळीपाळीने त्याच लॉगिनवर काम करत होते. उद्या गैरव्यवहार झालाच, तर तो कोणाच्या हातून झाला हे शोधणार कसे? प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन आणि पासवर्डबरोबर दुसरी पडताळणी (उदा. मोबाइलवर येणारा ओटीपी), यांना फार खर्च येत नाही. बॅकअपची, म्हणजे नोंदींच्या राखीव प्रतीची, मला अधिक चिंता वाटते. तो त्याच संगणकाला कायम जोडलेल्या डिस्कवर असेल, तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स अडकवून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम, मूळ नोंदींबरोबर त्यालाही कुलूप लावतो. म्हणून एक प्रत नेटवर्कपासून वेगळी ठेवावी आणि ती खरोखर उघडते का, हे दर तिमाहीला तपासावे. वार्षिक सभेत लाभांशाइतक्याच आग्रहाने सभासदांनी याचीही विचारणा करावी, ही कळकळीची विनंती.

— एक ठेवीदार, पुणे